हेब्रॉन : शंभर वर्षांचा संघर्ष, एकाच शहरातून पाहिलेला

पायवाट

गाझाच्या युद्धावर इथे बरेच धागे येऊन गेले. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक धाग्यावर कुणीतरी लिहितं, "हे हजारो वर्षांचं वैर आहे, त्यांच्या रक्तातच आहे." मग चर्चा तिथेच खुंटते, कारण रक्तातच असलेल्या गोष्टीवर बोलणार काय? मला हे वाक्य मुळातच मान्य नाही. का नाही, ते सांगायला पूर्ण इतिहास मांडत बसले तर धागा कुणी वाचणार नाही, म्हणून एकच शहर घेते. हेब्रॉन, अरबीत अल-खलील.

जेरुसलेमच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, डोंगरातलं गाव. द्राक्षमळे, फुंकून केलेली रंगीत काच, मातीची भांडी. अब्राहम, सारा, इसहाक, याकोब यांच्या समाध्या इथे आहेत अशी ज्यू आणि मुसलमान दोघांचीही श्रद्धा. समाध्यांभोवतीची दगडी भिंत राजा हेरोदच्या काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांची, आणि आजही भक्कम उभी आहे. ज्यू या जागेला मकपेला म्हणतात, मुसलमान इब्राहिमी मशीद. तेराव्या शतकात मामलुक सुलतान बैबर्सने ज्यू आणि ख्रिश्चनांना आत यायची बंदी केली. ज्यूंनी बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत यायचं, तिथून प्रार्थना करायची आणि परतायचं. ही बंदी १९६७ पर्यंत चालली. तेव्हा तिथे पूर्वी रामराज्य होतं असं मी म्हणत नाही. ज्यूंचा दर्जा दुय्यमच होता. पण स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यूंची कुटुंबं सोळाव्या शतकात इथे येऊन वसली, पिढ्यानपिढ्या अरबी बोलत राहिली, व्यापार-उदीम करत राहिली. गावातल्या बेत हदासा या ज्यू दवाखान्यात अरब रोग्यांवरही उपचार होत.

मग १९२९ साल येतं. १९१७ च्या बॅल्फर जाहीरनाम्यात ब्रिटिशांनी ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये 'राष्ट्रीय घर' देऊ केलं होतं. तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेल्या अरबांना त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. युरोपातून ज्यूंचं येणं वाढलं, जमिनींचे व्यवहार वाढले, कुळं बेदखल होऊ लागली. त्यातच जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी प्रार्थनेचे हक्क कुणाचे यावरून वर्षभर धुसफूस चाललेली. २३ ऑगस्ट १९२९ च्या शुक्रवारी, ज्यू अल-अक्सा मशीद ताब्यात घेणार अशी अफवा उठली आणि जेरुसलेम पेटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेब्रॉनमध्ये जमाव ज्यूंच्या घरांत घुसला. ६७ माणसं मारली. कुऱ्हाडी, सुरे, काठ्या. पाच वर्षांपूर्वीच लिथुआनियातून इथे हलवलेल्या धर्मपाठशाळेचे तरुण विद्यार्थी त्यात बरेच होते, पण शेकडो वर्षं राहणारी जुनी घराणीही सुटली नाहीत. एलिएझर दान स्लोनिम हे बँकेचे व्यवस्थापक, अरब प्रतिष्ठितांशी त्यांची ऊठबस, म्हणून त्यांच्या घरी सुरक्षित राहू असं समजून लोक जमले होते. त्यांच्यासकट त्या घरातले बरेचजण मारले गेले. गावात ब्रिटिश पोलीस अधिकारी एकच होता, रेमंड कॅफेराटा, आणि हाताखाली मूठभर शिपाई. हगाना या ज्यू संरक्षक दलाने आधी मदत देऊ केली होती, ती गावातल्या ज्यू पुढाऱ्यांनीच नाकारली होती. आपल्या शेजाऱ्यांवर त्यांचा विश्वास होता.

आता या कत्तलीचा दुसरा भाग, जो दोन्हीकडच्या प्रचारात गाळला जातो. चारशेहून अधिक ज्यू त्या दिवशी वाचले, आणि त्यातले बरेचसे अरब शेजाऱ्यांच्या घरांत लपून. दाराशी जमाव, आत तळघरात पोरंबाळं, आणि उंबऱ्यावर यजमान आडवा उभा, अशा साक्षी वाचलेल्यांनीच देऊन ठेवल्या आहेत. त्या आठवड्यात देशभर १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. अरबांपैकी बहुतेक ब्रिटिशांच्या गोळीबारात. वाचलेल्या ज्यूंना ब्रिटिशांनी गावाबाहेर नेलं. काही कुटुंबं १९३१ मध्ये परत आली, १९३६ च्या अरब उठावात त्यांनाही हलवलं. झालं, जुना शेजार संपला.

१९४८ च्या युद्धात हा सगळा डोंगराळ भाग जॉर्डनकडे गेला. पण त्याआधी मे महिन्यात हेब्रॉनच्या उत्तरेला कफार एत्झिऑन ही ज्यू वसाहत पडली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या गेल्या. शंभराहून अधिक गेले. ऑक्टोबरमध्ये हेब्रॉनच्या पश्चिमेच्या अद-दवायमा गावात इस्रायली सैन्याने गावकऱ्यांना मारलं, त्यात बायका आणि मुलंही. आकड्यावर वाद आहे, घटनेवर नाही. उरलेले पळाले. असे हजारो विस्थापित अल-फव्वार आणि अल-अरूब या छावण्यांत आले. त्या छावण्या आजही हेब्रॉन जिल्ह्यात आहेत. त्या एका वर्षात सात लाखांवर पॅलेस्टिनी बेघर झाले. त्याला ते नक्बा म्हणतात.

नोव्हेंबर १९६६ मध्ये सीमेवरच्या सुरुंगाने तीन इस्रायली सैनिक मेले, तर इस्रायलने हेब्रॉनच्या दक्षिणेच्या समू गावावर रणगाडे घातले आणि शंभरावर घरं उडवली. पुढच्या जूनचं युद्ध ज्या ठिणग्यांनी पेटलं त्यातली ही एक. ८ जून १९६७ ला इस्रायली फौज हेब्रॉनमध्ये शिरली तेव्हा एक गोळी सुटली नाही. घरांवर पांढरी फडकी लावलेली होती. १९२९ चा सूड घेतील, ही लोकांची भीती.

सूड तसा घेतला गेला नाही, पण वेगळं काही सुरू झालं. त्याच सप्टेंबरात कफार एत्झिऑनच्या मृतांची मुलं, आता तरुण झालेली, तिथे परत वसली. एप्रिल १९६८ मध्ये रब्बी मोशे लेव्हिंगर काही कुटुंबांना घेऊन वल्हांडण सणासाठी हेब्रॉनच्या पार्क हॉटेलात उतरले आणि सण संपल्यावर निघायला नकार दिला. सरकार मजूर पक्षाचं होतं. त्याने त्यांना काढलं नाही, शेजारच्या टेकडीवर किर्यात अर्बा नावाची वसाहत बांधून दिली. १९७९ मध्ये लेव्हिंगरबाई बायका-मुलांचा जथा घेऊन रात्री बेत हदासात शिरल्या आणि तिथेच ठाण मांडलं. मे १९८० मध्ये त्या इमारतीसमोर पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी सहा ज्यूंना ठार केलं. सरकारने काय केलं? हेब्रॉनच्या महापौरांना देशाबाहेर घालवलं, आणि शहराच्या आत ज्यू वस्तीला रीतसर परवानगी दिली. महिन्याभरात 'ज्यू अंडरग्राउंड' म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या टोळीने नाब्लुस आणि रामल्लाच्या महापौरांच्या गाड्यांत बॉम्ब ठेवले. नाब्लुसचे बसाम शका यांचे दोन्ही पाय गेले. १९८३ मध्ये हेब्रॉनच्या बाजारात एका ज्यू विद्यार्थ्याचा खून झाला, तर त्याच टोळीने इस्लामिक कॉलेजात घुसून तीन विद्यार्थी मारले. जन्मठेप झाली, आणि १९९० पर्यंत सगळे सुटले.

२५ फेब्रुवारी १९९४. रमजानचा शुक्रवार, पहाटेची नमाज. किर्यात अर्बाचा डॉक्टर बारुख गोल्डस्टीन लष्करी गणवेशात, लष्कराचीच रायफल घेऊन मशिदीत आला आणि सजद्यात वाकलेल्या लोकांच्या पाठीत गोळ्या घातल्या. २९ मेले, शंभरावर जखमी. उरलेल्यांनी त्याला तिथेच मारलं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधला ऑस्लो शांतता करार होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. चाळीस दिवसांनी हमासने अफुला गावात बसथांब्यापाशी गाडीत बॉम्ब उडवला, आठ मेले, आणि हा गोल्डस्टीनचा बदला असं जाहीर केलं. इस्रायलमधल्या आत्मघाती हल्ल्यांचं पर्व तिथून सुरू झालं.

हत्याकांडानंतर संचारबंदी कुणावर लागली? हेब्रॉनच्या पॅलेस्टिनींवर. आणि शुहदा रस्ता, म्हणजे तिथली मुख्य बाजारपेठ, टप्प्याटप्प्याने बंद झाला तो पॅलेस्टिनींनाच.

मला जे म्हणायचंय ते एवढंच : यात 'हजारो वर्षांचं रक्त' कुठेच नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी ठरवलंय. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ज्याने गुन्हा केला त्याच्याच बाजूला काहीतरी फळ पडलंय, किंवा ज्याने सोसलं त्यालाच पुन्हा शिक्षा झालीय.

---

दुर्गवाट

वाचनखूण साठवली. समू आणि दवायमा ही नावं पहिल्यांदाच वाचली.

एक शंका. एकच शहर घेतल्यामुळे चित्र चुकीचं होत नाही का? तेल अवीव किंवा हैफामधल्या सामान्य इस्रायलीला हेब्रॉनच्या वसाहतवाल्यांशी काही देणंघेणं नसतं. तिथले बरेच लोक त्यांच्यावर वैतागलेले असतात.

---

खडा_सवाल

लेख अभ्यासपूर्ण, पण १९९४ नंतरचं अर्धंच आलंय, म्हणून राहिलेलं लिहितो. २००१ मध्ये हेब्रॉनमध्ये समोरच्या टेकडीवरून नेम धरून झाडलेल्या गोळीने दहा महिन्यांची एक ज्यू मुलगी बाबागाडीत मेली. नोव्हेंबर २००२ मध्ये किर्यात अर्बाहून मकपेलाकडे जाणाऱ्या वाटेवर इस्लामिक जिहादने दबा धरून १२ इस्रायली सैनिक आणि सुरक्षारक्षक मारले. त्या दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, हजाराच्या आसपास इस्रायली गेले; बसमध्ये, हॉटेलांत, सणाच्या जेवणाच्या पंगतीत. लष्करी नाके आणि बंद रस्ते हे कुणाच्या डोक्यातून सहज निघालेले नाहीत. १९२९ मध्ये शेजाऱ्यांवर भरवसा ठेवणारे मारले गेले, हे तुम्हीच लिहिलंय. मग त्यांच्या नातवंडांनी भरवशाऐवजी बंदुकीवर विसंबायचं ठरवलं तर त्यात नवल काय?

---

पायवाट

@खडा_सवाल, तुम्ही दिलेल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि त्या बाळाचा खून कुठल्याही कारणाने सौम्य होत नाही. पण नाक्यांचा क्रम बघा. शुहदा रस्ता बंद व्हायला सुरुवात झाली १९९४ मध्ये, आणि तेव्हा गोळ्या झाडणारा किर्यात अर्बाचा होता. त्या हत्याकांडाच्या शामगार चौकशी आयोगापुढच्या साक्षींत असंही आलं की वसाहतवाला गोळीबार करत असला तरी सैनिकांनी त्याच्यावर गोळी झाडायची नाही, अशी सैनिकांची समजूत करून दिलेली होती. पंतप्रधान रबिन यांच्या सरकारात तेव्हा हेब्रॉनमधल्या तेल रुमेदा भागातल्या मूठभर ज्यू कुटुंबांना हलवायची चर्चा झाली होती. हलवलं नाही. मला ती संधी फार मोठी वाटते. त्या आठवड्यात इस्रायली जनमतही हादरलेलं होतं.

@दुर्गवाट, इस्रायली माणूस आणि वसाहतवाला एक नव्हे, हे बरोबर. पण पार्क हॉटेलातल्या लोकांना वीज-पाणी-संरक्षण पुरवणारं सरकार तेल अवीवच्या मतांवरच निवडून आलेलं होतं. आणि किर्यात अर्बात राहणारे, दिवाणखान्यात वर्षानुवर्षं गोल्डस्टीनचा फोटो लावणारे इतामार बेन-ग्वीर डिसेंबर २०२२ मध्ये इस्रायलचे राष्ट्रीय सुरक्षा मंत्री झाले. कडेला असलेली गोष्ट मध्यभागी आली.

---

गलबत

या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार करत होते. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल. माझी मोठी आत्या साठच्या दशकात लग्न होऊन इस्रायलला गेली, लोदला. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा या गावांत आपले मराठी बोलणारे ज्यू भरपूर आहेत. आत्याच्या घरी अजून मलिदा होतो, एलियाहू हन्नबीला नवस बोलतात, आणि भांडताना सगळे मराठीतच येतात.

आमच्या लोकांना तिथे सुखाने घेतलं असं नाही. बेने इस्राएलांशी लग्न लावायला तिथल्या धर्मगुरूंनी अडथळे आणले, त्याविरुद्ध आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरली, आणि १९६४ मध्ये कुठे तो प्रश्न मिटला. हे आत्याकडून लहानपणापासून ऐकलेलं. पण लोदचं आधीचं घर कुणाचं होतं हे तिच्याकडून मी बरंच उशिरा ऐकलं. जुलै १९४८ मध्ये लिद्दा आणि रामला या दोन गावांतून पन्नास हजारांहून जास्त अरबांना उन्हातान्हात चालत हाकललं होतं. लिद्दा म्हणजेच लोद. हुकमावर सही यित्झाक रबिन यांची, जे पुढे ऑस्लो करार करून शांततेचं नोबेल घेणार होते. रिकाम्या गावात मग आमच्यासारखे, मोरोक्कोचे, इराकचे गरीब ज्यू आणून बसवले.

मे २०२१ मध्ये लोदमध्ये दंगल झाली तेव्हा आत्या जिन्याखाली बसून फोनवर बोलत होती. त्या दंगलीत एक अरब तरुण गोळीने मेला आणि एक ज्यू माणूस डोक्यात दगड लागून. त्या ज्यू माणसाचं मूत्रपिंड त्याच्या घरच्यांनी दान केलं, ते एका अरब बाईला बसवलं. आत्या ते सांगताना रडत होती. ती म्हणाली, "आम्हाला कोकणात कुणी मारलं नाही गं, दोन हजार वर्षांत. इथे येऊन घाबरायला शिकलो."

आत्याचं मत माझ्या मतासारखं नाही, ती नेहमी नेतान्याहूंनाच मत देते. पण तिच्या भीतीला कुणी नाटक म्हणू नये एवढी विनंती.

---

निळावंती

@गलबत, लिहिलंत हे फार बरं केलंत.

माझा मुद्दा कायद्याचा. खडा_सवाल सुरक्षेबद्दल लिहितात, पण हेब्रॉनच्या एकाच गल्लीत दोन कायदे चालतात. वसाहतीतल्या मुलाने दगड मारला तर त्याच्यावर खटला इस्रायलच्या नागरी न्यायव्यवस्थेत, बालहक्कांसकट. समोरच्या घरातल्या पॅलेस्टिनी मुलाने मारला तर लष्करी न्यायालय. मार्च २०१६ मध्ये तेल रुमेदाला एका पॅलेस्टिनी तरुणाने सैनिकावर चाकूहल्ला केला, त्याला गोळी लागली, तो जमिनीवर जखमी पडलेला. त्यानंतर काही मिनिटांनी एलोर अझारिया या सैनिकाने त्याच्या डोक्यात गोळी घातली. शेजारच्या एका पॅलेस्टिनी रहिवाशाने त्याचं चित्रण केलं होतं म्हणून खटला तरी झाला. शिक्षा १८ महिने, प्रत्यक्ष भोगली नऊ महिने. माफी द्या म्हणून मागणी करणाऱ्यांत मंत्रीही होते. दुसरीकडे, त्याला दोषी ठरवणाऱ्या न्यायाधीश इस्रायलच्याच होत्या आणि त्यांना जिवाच्या धमक्या आल्या, हेही नोंदवते.

जानेवारी १९९७ च्या करारात शहराचे दोन तुकडे झाले. एच-१ म्हणजे ८० टक्के भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, एच-२ म्हणजे जुनं शहर, मशीद आणि वसाहती, इस्रायली लष्कराकडे. करार ठरला तो नेतान्याहू आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांच्यात. एच-२ मध्ये काहीशे वसाहतवाले आणि तीस हजारांहून अधिक पॅलेस्टिनी. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेने आणखी एका इस्रायली संस्थेबरोबर २००७ मध्ये घरोघर जाऊन मोजणी केली, तेव्हा जुन्या शहराच्या त्या भागात पॅलेस्टिनींची १,०१४ घरं सोडलेली आणि १,८२९ दुकानं बंद आढळली. म्हणजे चारातली तीन दुकानं.

---

जुनीपानं

"हजारो वर्षं नाही" याला माझी पुस्ती. हेब्रॉनच्या ज्यूंवर त्याआधीचा मोठा घाला १८३४ चा, आणि तो गावच्या लोकांनी घातलेला नव्हता. इजिप्तच्या इब्राहिम पाशाविरुद्ध शेतकऱ्यांनी उठाव केला होता, तो मोडताना त्याच्या फौजेने हेब्रॉन लुटलं. मुसलमान मेले आणि उठावाशी संबंध नसलेले ज्यूही मेले. म्हणजे तेव्हाही बाहेरची सत्ता आणि मध्ये सापडलेलं गाव.

१९२९ मात्र वेगळं, हे मान्य करायला हवं. तिथे मारणारे गावचे आणि आसपासच्या खेड्यांतले होते. ब्रिटिशांनी नेमलेल्या शॉ आयोगाने अरब हल्ल्यांना दोष दिला आणि मूळ कारण म्हणून ज्यूंच्या येण्याने आपली जमीन आणि राजकीय भवितव्य जाईल ही अरबांची भीती नोंदवली. दोन्ही गोष्टी एकाच अहवालात आहेत. लोक आपापल्या सोयीचं पान उघडतात.

---

खडा_सवाल

@निळावंती, दोन कायदे आहेत हे खरं आणि ते समर्थनीय नाही. माझं म्हणणं भीतीपुरतं होतं. @गलबत यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय.

---

वाळवंटवासी

मी दुबईत असतो. आमच्या ऑफिसात एक सहकारी खलीलचे आहेत, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. त्यांच्याकडून ऐकलेलं लिहितो, राजकारण बाजूला ठेवून.

जुन्या बाजारात गल्लीच्या डोक्यावर जाळ्या बांधल्या आहेत. कारण वरच्या मजल्यांवर वसाहतवाले राहतात आणि खाली कचरा, दगड, घाण पाणी टाकतात. कचरा जाळीत अडकतो, पाणी येतंच. खाली दुकानदार मसाले आणि कापड मांडून बसलेले. शुहदा रस्त्यावर ज्यांच्या घराचा पुढचा दरवाजा उघडतो, त्यांना तो वापरता येत नाही. मागच्या गच्चीवरून, शेजाऱ्याच्या शिडीवरून ये-जा. त्यांच्या वडिलांचं दुकान त्या रस्त्यावर होतं. शटर लष्कराने वितळजोड मारून बंद केलंय, माल आतच राहिला.

आणि एक गोष्ट ते फार अभिमानाने सांगतात. इब्राहिमी मशिदीजवळ तिकिया नावाचं अन्नछत्र आहे, शेकडो वर्षांचं. रोज सूप रांधतात, कुणीही पातेलं घेऊन यावं आणि भरून न्यावं. अब्राहम पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे, त्याची ही परंपरा. "खलीलमध्ये कुणी उपाशी झोपत नाही" असं ते म्हणतात. संचारबंदीतही चूल चालू राहावी म्हणून लोकांनी केलेल्या खटपटी त्यांच्याकडून ऐकायला हव्यात.

मशिदीच्या आत आता मधोमध दार लावून दोन भाग केलेत. अब्राहमाची समाधी मधल्या खोलीत. तिच्या एका बाजूच्या गजांतून मुसलमान बघतात, दुसऱ्या बाजूच्या गजांतून ज्यू. वर्षातले दहा दिवस पूर्ण जागा ज्यूंना, दहा दिवस पूर्ण मुसलमानांना. माझे सहकारी म्हणतात, लहानपणी पाहिलेली मशीद त्यांच्या मुलांनी कधी अख्खी पाहिली नाही.

---

सडेतोड

सगळं ठीक, पण ७ ऑक्टोबरचं काय? हेब्रॉनचं पुराण लावून हमासला पाठीशी घालणं चाललंय असं वाटतं. आणि गाझाचा या गावाशी संबंध काय?

---

पायवाट

@सडेतोड, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने आणि बरोबरच्या गटांनी सुमारे १,२०० माणसं मारली, बहुतांश नागरिक, आणि २५१ ओलीस नेले. किबुत्झमधल्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्त्यांतल्या, घरांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं मारली. याला कुठलाही इतिहास क्षमा मिळवून देत नाही, आणि मी इथे तसं एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्यानंतर गाझात साठ हजारांवर माणसं मेली, तिथल्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे, आणि त्यात हजारो मुलं. शहरंच्या शहरं राहिली नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामाने ओलीस सुटले, पण गाझात माणसं मरायची थांबली नाहीत. यालाही क्षमा नाही. दोन्ही वाक्यं मला तितक्याच जोराने म्हणायची आहेत.

संबंध विचारलात. जून २०१४ मध्ये गुश एत्झिऑनजवळ, म्हणजे त्याच कफार एत्झिऑनच्या पट्ट्यात, तीन इस्रायली मुलांना गाडीत घालून पळवलं. मारेकरी हमासशी संबंधित, हेब्रॉनचे. मृतदेह हेब्रॉनजवळच्या हलहूलपाशी सापडले. दोन दिवसांत जेरुसलेमच्या एका पॅलेस्टिनी मुलाला ज्यू अतिरेक्यांनी पळवून जिवंत जाळलं. आठवडाभरात गाझात युद्ध पेटलं, त्यात दोन हजारांहून अधिक पॅलेस्टिनी आणि सत्तरच्या आसपास इस्रायली गेले. ७ ऑक्टोबरनंतर एच-२ मधल्या पॅलेस्टिनींना आठवडेच्या आठवडे घरात कोंडलं. ठरावीक दिवशी, ठरावीक तासांतच बाहेर पडता येई. त्यांचा गाझातल्या हल्ल्याशी काही संबंध नव्हता.

---

दुर्गवाट

भारताचा यात काही वाटा होता का? फाळणीच्याच वर्षी तिकडचीही फाळणी ठरत होती म्हणून विचारतोय.

---

जुनीपानं

होता. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनसाठी अकरा देशांची समिती नेमली, त्यात भारत होता. बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने वेगळी योजना मांडली : एकच संघराज्य, आत ज्यू आणि अरब असे दोन स्वायत्त घटक, राजधानी जेरुसलेम. ती कुणालाच नको होती. २९ नोव्हेंबरला फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, भारताने विरोधात मत दिलं. आपल्याकडे पंजाब आणि बंगालमध्ये फाळणीने काय झालं ते तीन महिन्यांपूर्वीच दिसलेलं होतं. पुढे १९५० मध्ये भारताने इस्रायलला मान्यता दिली, १९५३ मध्ये मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास सुरू झाला, पण पूर्ण राजनैतिक संबंध यायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात, १९८८ मध्ये, पॅलेस्टाईन राज्यालाही मान्यता देऊन झालेली.

---

गलबत

एक प्रश्न आहे. १९२९ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची हेब्रॉनमधली घरं आणि दुकानं, त्यांचं पुढे काय झालं? आत्याच्या ओळखीतले लोक म्हणतात, "आम्ही आमच्याच मालमत्तेवर परत गेलो, यात चूक काय?" मला उत्तर देता येत नाही.

---

पायवाट

@गलबत, हाच प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो.

ती मालमत्ता होती, खरीखुरी. जॉर्डनच्या काळात ती सरकारी रखवालदाराकडे गेली, काही जागेवर बाजार उठवला, जुनं अब्राहम अविनू सिनेगॉग मोडकळीला जाऊ दिलं. १९६७ नंतर ती इस्रायली प्रशासनाच्या हाती आली आणि वसाहतवाल्यांनी त्या कागदांचा आधार घेऊन तिथे पाय रोवले. १९२९ च्या त्या कुटुंबांचे खरे वारस मात्र त्यांत थोडेच. वारसांत दोन तट आहेत. काहींना तिथली नवी ज्यू वस्ती आपल्या आजोबांचा सन्मान वाटते. काहींनी उघडपणे म्हटलंय की हे आमच्या नावाने करू नका. हेब्रॉनच्या जुन्या रब्बी घराण्यातले हैम हनेग्बी त्यांपैकी. आयुष्यभर त्यांनी या वसाहतींना विरोध केला.

आता दुसरा कागद बघा. अद-दवायमाच्या लोकांकडेही जमिनीचे कागद आहेत. त्यांच्या गावाच्या जागी १९५५ मध्ये अमात्झिया ही ज्यू वस्ती उभी राहिली. १९५० च्या इस्रायली कायद्यानुसार ते 'अनुपस्थित' ठरले, मालमत्ता सरकारजमा. तेव्हाची मुलं आज म्हातारी होऊन अल-फव्वारच्या छावणीत राहतात, गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, आणि त्यांना दावा लावण्याची सोयच नाही.

तेव्हा आत्याच्या ओळखीतल्यांना विचारा : १९२९ चा कागद चालतो आणि १९४८ चा चालत नाही, हे कुठल्या न्यायाने? दोन्ही चालवा म्हणाल तर मी तुमच्या बाजूला उभी राहीन. ज्यू वारस हेब्रॉनला परत येवोत, त्याच महापालिकेला घरपट्टी भरोत, त्याच न्यायालयात जावोत. आणि दवायमाच्या माणसाला त्याची जमीन मिळो, नाहीतर तिचा पुरेपूर मोबदला तरी.

---

गलबत

आजच फोन करते आत्याला. ती काय म्हणते ते इथे लिहीन, पटलं नाही तरी लिहीन.